लोगोआधी कापड

छातीवरचा लोगो भरतकामातच शोभतो, असं मी अनेक वर्षं ठामपणे मानत आलो. छपाई आज ना उद्या उडणार, टाका मात्र कापडाच्या आयुष्याला पुरणार. गिऱ्हाईक छपाईचं बोललं की मी त्याला मशीन एम्ब्रॉयडरीकडे वळवायचो. हा आग्रह मी आता सोडला आहे.

कपडा उलटा करून पाहायची सवय लागली, तसं माझं मत बदलत गेलं. मॅटीच्या कॉलर टी-शर्टवर किंवा जाड सुती ड्रिलवर भरतकाम खरंच देखणं दिसतं आणि टिकतं. तोच लोगो कबड्डीच्या पातळ डॉट निट जर्सीवर भरला, की आतून बॅकिंगचा कडक कागद आणि बॉबिनचे दोरे घामेजल्या अंगाला काचतात. टाक्यांच्या ओढीने भोवतीचं कापडही चुणतं. तिथे सब्लिमेशन छपाई हवी. साधारण 200 अंश सेल्सिअसला छपाईच्या कागदावरच्या रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. वर थर राहत नाही, वारा अडत नाही. मात्र सुती कापड हा रंग धरत नाही आणि गडद कापडावर तो उठत नाही.

गणपती मंडळाचे शेकडो सुती टी-शर्ट असले, तर स्क्रीन प्रिंटिंगच. दर रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून चार-पाच नगांना ते परवडत नाही. नग वाढले की तो खर्च विभागला जातो. पाण्यावर आधारलेला रंग धाग्यात मुरतो. प्लास्टिसॉल या दुसऱ्या प्रकारच्या रंगाचा थर वर बसतो आणि तो सुमारे 160 अंशांना पूर्ण पिकला नाही, तर धुण्यात तडकतो. छपाई उडते हा माझा समज अशा कच्च्या थरांवरूनच झाला होता.

थोडे नग आणि भरपूर रंग असतील तर डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म, सोयीचं. फिल्मवर छापायचं, वर गोंदाची पूड वितळवायची आणि हीट प्रेसने कापडावर चिकटवायचं. सुती आणि पॉलिएस्टर दोन्हींवर ते बसतं. पण दिवसभर उन्हात डिलिव्हरी करणाऱ्याच्या पाठीवर असा पाठभर पत्रा मी सुचवणार नाही. छातीवर लहानसा पुरे.

भरतकामावरचं माझं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही. फक्त ऑर्डर घेताना कापड कोणतं, घालणार कोण आणि धुणार कसं, हे मी आधी विचारतो. दर आणि मापं त्यानंतर. ज्याच्या अंगावर संस्थेचं नाव मिरवायचं, त्यालाच तो शर्ट नकोसा झाला, तर टाका कितीही पक्का असून काय उपयोग?