एक वर्ग, दोन इयत्ता

आमच्या उर्दू प्राथमिक शाळेत चार इयत्ता, शिक्षक दोन. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. माझ्याकडे पहिली आणि तिसरी एकत्र बसते. पालक विचारतात, "मोठ्यांचं नुकसान होत नाही का?"

मकतबात लहान-मोठी मुलं एकाच चटईवर बसतात, प्रत्येकाचा सबक वेगळा असतो. तिथे कुणी तक्रार करत नाही. वाचनात अडखळणारी तिसरीतली मुलगी पहिलीच्या मुलाला 'बे'खाली एक नुक्ता, 'पे'खाली तीन, हे दाखवते तेव्हा तिचंही वाचन पक्कं होतं. आपल्यालाही काही येतं, हे तिला कळतं.

मात्र मोठ्यांना फुकटचे मदतनीस समजू नये. त्यांच्या धड्याला त्यांचा वेळ मिळालाच पाहिजे. एवढं सांभाळलं, तर कमी पटाची शाळा कमी प्रतीची ठरत नाही.