कोणत्या झाडाची फुले?

नोकरीच्या निमित्ताने वसई सोडून आम्ही गोंदियास बिऱ्हाड केले, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. सामानात चिनी मातीची एक बरणी होती. नाताळापूर्वी तिच्यात काळ्या मनुकांची वाइन घालावयाची, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. 'ही आमची वसईची वाइन', असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई गोंड समाजाच्या, माहेर सालेकशाकडचे. उन्हाळा लागला की त्या पंधरवडाभर दिसेनाशा होत. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. अंगणात वाळवली की तांबूस, सुरकुतलेली, थेट मनुकांसारखी दिसतात. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. बांधावरच्या झाडाचे फूल टपोरे, पण टेकडीवरच्या खडकाळ जमिनीतले बारीक फूलच अधिक गोड, असे बाई सांगत. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला, तर त्या राखेचा वास थेट मद्यात उतरतो, हेही त्यांचेच म्हणणे.

माती, पाणी, ऊन आणि माणसाची रीत यांनी मद्यास जी चव येते तिला फ्रेंच लोक 'तेर्वार' म्हणतात. शॅम्पेन हे तर मुळात प्रांताचेच नाव. गोव्याच्या काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाशिकच्या वाइनलाही मिळाले. मोहाच्या वाट्याला मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आला. फुले वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये सैल केले, तरी परवान्यावाचून भट्टी लावणे हा गुन्हाच आहे. दारूने उद्‌ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तिच्यासाठी स्त्रियाच झगडल्या होत्या. त्यांना दोष कोण देईल? परंतु जे मद्य गोंड लोक आपल्या देवांस आणि पूर्वजांस वाहतात, त्याला आपण सरसकट 'हातभट्टी' म्हणून मोकळे होतो. आमच्या वेदीवरचा रस द्राक्षांचाच असावा, असा चर्चचा नियम आहे. तो कोणत्या गावचा, हे मात्र कुणी विचारीत नाही. काना गावच्या लग्नातील कारभाऱ्यालाही द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पाणी भरणाऱ्या चाकरांना.

एका नाताळास बाईंनी पदराआडून एक लहान बाटली काढून आमच्यापुढे धरली. आम्ही ती घेतली नाही. 'आमच्यात चालत नाही', असे काहीसे बोललो, आणि शेजारीच आमची बरणी उघडी होती! बाईंनी बाटली पुन्हा पदराआड घेतली. रागावल्या नाहीत. ओट्यावर मनुकांचा पुडा पडला होता. त्यातली एक उचलून त्यांनी बोटांत चुरडली, हुंगली आणि विचारले, "ही कोणत्या झाडाची, बाई? तुमच्या गावची का?"

आम्ही पुडा उलटून पाहिला. त्यावर गोंदियाच्या बाजारातल्या किराणा दुकानाचा शिक्का होता.