भोलानाथची चाल कोणाची?

१९५७ च्या ‘मदर इंडिया’ चित्रपटात नौशाद यांच्या संगीतात लता, मीना आणि उषा या तिघी मंगेशकर बहिणी एकाच गाण्यात गायल्या. मात्र पुढे मधल्या मीना खडीकर यांनी संगीतकार म्हणून जे स्वतंत्र काम केले, त्याची दखल बहिणींच्या कीर्तीपुढे फारच अपुरी घेतली गेली. मंगेश पाडगावकरांच्या ‘सांग सांग भोलानाथ’ या बालगीताला, म्हणजे मुलांच्या तोंडी सहज बसणाऱ्या गीताला, चाल त्यांची आहे. दारी येऊन मान डोलावणाऱ्या नंदीबैलाला पाऊस पडेल का, शाळेला सुट्टी मिळेल का, असे विचारणारा तो पोरवयाचा लडिवाळ हट्ट त्यांनी कसलेल्या गायिकेकडे न सोपवता योगेश आणि रचना खडीकर व शमा खळे या मुलांच्याच कोवळ्या आवाजांत ठेवला. हा निर्णय फार मोलाचा, कारण सफाईदार प्रौढ गळ्यात त्या प्रश्नांतला भाबडेपणा उरला नसता. गिरगाव-दादरच्या घराघरांत हे गाणे पाठ असते, चाल कोणाची हे मात्र क्वचितच कोणी सांगते. मुलांना हे गाणे शिकवताना पाडगावकरांच्या जोडीने मीना खडीकर हे नावही जरूर सांगावे.