अक्षरावरचा विश्वास

आमच्या घराण्यांत लिहिलेल्या शब्दावर विश्वास फार. पंचांगांत छापलें, सरकारी कागदावर उमटलें, औषधाच्या बाटलीवर चिकटविलें, कीं तें खरें. हातांवर मात्र आमचा विश्वास तितकाच कमी. भिंतींत खिळा ठोकावयाचा झाला तरी आमचे आजोबा सुतारास बोलावणें धाडीत, आणि तो येईपर्यंत तसबीर चार चार दिवस भिंतीला टेकून उभी असे. हीं दोन्ही कुलव्रतें आम्हीं परदेशीं येऊनहि निष्ठेनें पाळलीं, आणि त्यांपायीं २०२३ सालच्या जून महिन्यांत आमच्या वडिलांवर मोठा प्रसंग यावयाचा तो थोडक्यांत टळला.

आम्ही अमेरिकेंत, कोलोराडो राज्यांतील डेन्व्हर शहराच्या एका उपनगरांत राहतों. पश्चिमेस रॉकी पर्वत उभा असल्यामुळें येथील तरुणांस डोंगरांतल्या कच्च्या वाटा तुडविण्याचा भारी नाद. आमचे चिरंजीवहि त्यांतलेच. त्यांनीं हौसेनें घेतलेली १९९८ सालची जीप चेरोकी ते कॉलेजांत जातांना आमच्या गळ्यांत टाकून गेले. या बांधणीच्या गाड्या अमेरिकेंतल्या कारखान्यांतून निघणें २००१ सालींच बंद झालें, तेव्हां तिला म्हातारी म्हणावयास हरकत नसावी. आमची सौ. तिला 'डबा' म्हणते. आम्ही तिच्यांतून भाजी आणीत असूं.

ही गाडी आपले गिअर आपण बदलते. चालविणाराच्या हाताशीं एक दांडी आणि तिच्या बाजूस अक्षरें: गाडी उभी करावयाची तर 'पी', मागें घ्यावयाची तर 'आर', मोकळी ठेवावयाची तर 'एन', पुढें न्यावयाची तर 'डी'. ही दांडी म्हणजेच गिअर अशी आमची कित्येक वर्षें समजूत होती. वस्तुतः दांडी केवळ निरोप देते. गिअरबॉक्स खालीं गाडीच्या पोटांत असतो, त्याच्या बाजूस एक लहानशी लोखंडी तरफ असते, आणि वरचा निरोप खालच्या तरफेस पोंचविण्याचें काम एक केबल करते. नळीच्या आंत सरकणारी पोलादी तार, एवढेंच तिचें स्वरूप. अर्नेस्ट बाउडेन नांवाच्या गृहस्थानें १८९६ सालीं अशा तारेचें पेटंट इंग्लंडांत घेतलें, आणि सायकलच्या ब्रेकला लागते तीहि हीच. तारेच्या टोंकास एक कडी, कडींत रबरासारख्या पदार्थाची एक अंगठी, जिला कारागीर 'बुश' म्हणतात, आणि ती अंगठी तरफेवरच्या खुंटीवर घट्ट बसविलेली. सारा संसार त्या अंगठीवर. पंचवीस वर्षें इंजिनाची उष्णता, तेल आणि हिवाळ्यांतलें गोठण सोसल्यावर ती कुजली तर त्यांत कारखान्याचा कांहीं दोष नाहीं. माणसाचे सांधेहि त्याच वाटेनें जातात.

बुश झिजलें म्हणजे निरोप अर्धामुर्धा पोंचतो. वर दांडी 'पी' वर जाते, खालीं तरफ मात्र 'आर' आणि 'पी' यांच्या मध्येंच कोठें तरी अडते. 'पी' म्हणजे गिअरबॉक्सांतील एक खटका बाहेर जाणाऱ्या दांड्यावरच्या दंतचक्रांत अडकून बसणें. तो अडकला नाहीं तर गाडीला धरून ठेवणारें कांहींच उरत नाहीं.

याची सूचना आम्हांस महिनाभर आधीं मिळाली होती. दांडी 'पी' वर असतां कधीं कधीं इंजिन सुरूच होत नसे, 'एन' वर नेली कीं होई. इंजिन 'पी' किंवा 'एन' वरच सुरू व्हावें म्हणून गिअरबॉक्सलाच एक कळ बसविलेली असते. ती दांडीवरचें अक्षर वाचीत नाहीं, खालीं खरोखर काय आहे तें पाहते. अर्थात् यंत्र आम्हांस खरें तेंच सांगत होतें. आम्हीं बॅटरी बदलली.

वडील आणि आई उन्हाळ्यासाठीं पुण्याहून आलीं होतीं. वडिलांस आम्ही अण्णा म्हणतों. वय अठ्ठ्याहत्तर, हयात शाळेंत भूमिति शिकविण्यांत गेलेली. एका संध्याकाळीं भाजी घेऊन परतलों. आमच्या दारापुढची फरसबंदी रस्त्याकडे उतरती आहे. आम्हीं दांडी 'पी' वर नेली, इंजिन बंद केलें, किल्ली काढली. हँडब्रेक ओढला नाहीं. 'पी' लिहिलेलें दिसत असतां आणखी ओढावयाचें काय? आम्ही दार उघडावयास पुढें गेलों आणि अण्णा मागचा दरवाजा उघडून पिशवी काढूं लागले. तोंच आईची किंकाळी ऐकूं आली, "अहो, सरका!"

गाडी मुळींच आवाज न करितां मागें निघाली होती. अण्णा बाजूला झाले, कसे झाले तें त्यांनाहि सांगतां येत नाहीं. पिशवी मात्र चाकाखालीं गेली. समोरच्या पादपथाच्या कडेला आपटून गाडी थांबली. दुधीभोपळ्याचा चेंदा रस्त्यावर पडला होता. अण्णा त्याकडे कांहीं वेळ पाहत राहिले. मग शिक्षकी आवाजांत म्हणाले, "अरे, 'पी' वर होती ना?"

आम्ही आंत वाकून पाहिलें. होती.

किल्लीनेंहि आम्हांस फसविलें होतें. दांडी 'पी' वर असल्याखेरीज ती निघत नाहीं हें खरें, पण किल्लीचें कुलूप जोडलेलें असतें तें दांडीला, गिअरबॉक्सला नव्हे.

त्या रात्रीं अण्णा नेहमींप्रमाणें जेवले. आमच्या घशाखालीं घास उतरेना. "उद्यांच्या उद्यां तो डबा विकून टाक," आईनें निकाल दिला. एका गॅरेजांत विचारलें तर सगळी केबलच बदलावी लागेल म्हणून त्यांनीं कित्येकशें डॉलरांचा आंकडा सांगितला. नुसतें बुशहि तेव्हां बाजारांत मिळत होतें, पंचवीस डॉलरांच्या आंत. तें आम्हीं मागविलें खरें, पण तें बसवावयाचें कोणी? "पुस्तक आहे ना तुझ्याकडे?" अण्णांनीं विचारलें. दुरुस्तीचें पुस्तक चिरंजीवांच्या कपाटांत होतें.

तें चाळीत असतां त्यांनीं जी गोष्ट सांगितली ती आम्हीं जन्मांत ऐकिली नव्हती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां ते सोळा वर्षांचे होते. सायकल चिखलांत बुडाली आणि ब्रेकची तार नळींतच गंजून बसली. सायकलवाल्यांकडे त्या दिवसांत रांगा. तेव्हां एका दुकानदाराशेजारीं चार दिवस बसून त्यांनीं तार काढणें, तेल सोडणें, नवी तार ओवणें हें सारें शिकून घेतलें. तेलकट हातांनीं घरीं आले तेव्हां आजोबा इतकेंच बोलले, "हीं कामं आपलीं नव्हेत." अण्णांनीं हात धुतले. पुढें सायकल नेहमीं दुकानांतच जाऊं लागली.

"त्यांना उलट बोलायची पद्धत नव्हती," अण्णा म्हणाले, आणि पान उलटलें.

शनिवारीं सकाळीं गाडी सपाट जागीं घेतली. हँडब्रेक ओढला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून लांकडी ठोकळे लावले. अण्णांनीं प्रत्येक ठोकळा पायानें रेटून पाहिला. मग ते खुर्चींत बसून पोथी वाचावी तसे पुस्तकांतलें एकेक वाक्य वाचूं लागले, आणि प्रत्येक वाक्यानंतर "झालं?" असें विचारून पुढें जात. जुनें बुश आमच्या चिमटींत आलें तेंच सुपारीच्या भुग्यासारखें गळून पडलें. नवें इतकें ताठ कीं कडींत शिरेना. "गरम पाण्यांत टाक," अण्णा म्हणाले. हें पुस्तकांत नव्हतें. ते स्वतःच उठून स्वयंपाकघरांतून आधण घेऊन आले, आणि दुधाचें पातेलें त्या कामीं गेलेलें पाहून आईनें जें ऐकविलें तें येथें देत नाहीं. बुश मऊ झालें, पकडीनें दाबतांच कडींत बसलें.

पुढचें काम नाजूक. आंत दांडी 'पी' वर ठेवावयाची, केबलवरचा चिमटा मोकळा करावयाचा, खालची तरफ हातानें मागें शेवटच्या खांचेंत नेऊन नवें बुश खुंटीवर दाबावयाचें, आणि लांबी जुळली कीं चिमटा पुन्हा घट्ट. म्हणजे वरचें अक्षर आणि खालची वस्तुस्थिति एक होते. पण गाडीचा तळ आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या फटींत आमचा पंजा कांहीं केल्या शिरेना. तीन वेळां प्रयत्न केला, बोटें सोलून निघालीं. अण्णांनीं पुस्तक खुर्चीवर उपडें ठेविलें.

"सरक. माझे हात बारीक आहेत."

"अण्णा, तुम्ही? ह्या गाडीखालीं?"

"ठोकळे तूंच लावलेस ना? मग?"

आम्ही बाहेर आलों. पुठ्ठ्याचा एक तुकडा अंथरला, आणि ज्या गाडीनें चार दिवसांपूर्वीं त्यांना चिरडलें असतें तिच्याखालीं आमचे वडील उताणे सरकत गेले. आम्ही एका ठोकळ्यावर पाय रोंवून उभे राहिलों. त्याची गरज नव्हती. आई खिडकींत होती, तिनें तोंड फिरविलें. आंतून कांहीं वेळ नुसता श्वास ऐकूं येत होता. मग 'खट्' असा आवाज झाला, थोड्या वेळानें दुसरा.

"बसलं," अण्णा खालून म्हणाले. ते लगेच बाहेर आले नाहींत. दोनचार मिनिटें तसेच पडून राहून गिअरबॉक्स न्याहाळीत होते. "काय सुंदर केलंय रे हें सगळं!"

पडताळा त्यांनींच घ्यावयास लावला. ठोकळे चार बोटें दूर सारून हँडब्रेक सोडला आणि गाडी रेटली. ती किंचित् हेलकावून जागच्या जागीं राहिली. इंजिन 'पी' वर सुरू झालें, 'एन' वर झालें, इतरत्र झालें नाहीं. 'आर' वर मागचे पांढरे दिवे लागले. तरीहि पुस्तक सोडावयास ते तयार नव्हते, आणि त्यांतूनच त्यांनीं आम्हांस आणखी एक गोष्ट दाखविली. अशा चारी चाकांनीं चालणाऱ्या गाडींत दुसरी एक लहान दांडी असते, आणि ती मोकळ्या खुणेवर राहिली तर 'पी' पक्का बसूनहि चाकें मोकळींच राहतात. हें आमच्या चिरंजीवांस ठाऊक होतें. त्यांना पत्रानें कळविलें तेव्हां उत्तर आलें, "बाबा, हँडब्रेक कशाला असतो?"

अण्णांच्या सदऱ्यावर ग्रीसचे डाग पडले ते गेले नाहींत. आई तो सदरा टाकून देणार होती. त्यांनीं तो पुण्याला नेला.

रविवारीं संध्याकाळीं पुन्हा भाजीस गेलों. परतल्यावर गाडी त्याच उतारावर उभी केली, दांडी 'पी' वर नेली, हँडब्रेक ओढला. अण्णा मागें गेले आणि दरवाज्यास हात लावून थांबले.

"ओढलास?"

"ओढला, अण्णा."

"पुन्हा एकदां ओढ," ते म्हणाले, आणि दरवाजा उघडून त्यांनीं पिशवी उचलली.