डिस्प्ले येत नव्हता

पुतणीच्या अभ्यासासाठी मी घरीच एक कॉम्प्युटर जुळवला. एच६१ चिपसेटचा जुना मदरबोर्ड, आय५-३४७० हा २०१२ सालचा प्रोसेसर, डीडीआर३ रॅम. हे सगळं नांदेडहून सेकंडहँड आणलं. कॅबिनेट घरात पडून होतं, तेच वापरलं. बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. कधी पंखा चालू राहायचा, पण मॉनिटर काळाच. क्वचित मात्र विंडोज नीट सुरू व्हायचं, आणि त्या क्वचितनंच माझी दिशाभूल केली.

डिस्प्ले नाही म्हणजे रॅम, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. मी रॅम काढून खोडरबरनं घासली, दाबून बसवली, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. तरी माझा संशय रॅमवरून हटेना. दुसरी रॅम विकत आणली. मग वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला. जुन्याची हिरवी आणि काळी वायर जोडून पाहिली होती, पंखा फिरला होता. तेवढ्यानं एसएमपीएस लोड घेईल की नाही हे कळत नाही, हे खरं. पण त्यानंतर मी एका वेळी दोन-दोन वस्तू बदलू लागलो, आणि कशानं काय झालं हे समजायची वाटच बंद झाली.

सगळ्यात वाईट वागलो ते मदरबोर्ड विकणाऱ्याशी. फोनवर त्याला फसवणूक केलीस म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "घेऊन या साहेब, तुमच्यासमोर लावून दाखवतो." बोर्ड घेऊन भोकर-मुदखेडच्या रस्त्यानं नांदेड गाठलं. त्यानं टेबलावर बोर्ड ठेवला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पॉवर स्विचच्या दोन पिनांना टेकवलं, आणि लगेच डिस्प्ले आला. घरी आणून बसवला, तर तेच रडगाणं.

तिथं चालतो, इथं चालत नाही. उत्तर समोरच होतं. मी ते चुकीचं वाचलं. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून दोष लाइटीला दिला आणि स्टॅबिलायझर घेतला. दुकानात आणि घरात आणखी एक फरक होता: तिथं कॅबिनेट नव्हतं.

शेवटी बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम लावली. घरचंच सॉकेट, स्टॅबिलायझर बाजूला. पहिल्या झटक्यात डिस्प्ले. मग टॉर्च घेऊन रिकाम्या कॅबिनेटमध्ये पाहिलं. बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या पितळी खुंट्यांपैकी एक कॅबिनेटमधल्या आधीच्या बोर्डाच्या मापानं तशीच राहिली होती. या बोर्डाला त्या जागी भोकच नाही. बोर्ड उलटा केला, तर नेमक्या तिथं सोल्डरचे दोन-तीन ठिपके घासून चकचकीत झालेले.

कॅबिनेटचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो. खुंटी सोल्डरला टेकली की शॉर्ट होऊन एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडायचा. रॅम दाबताना बोर्ड जरासा वाकायचा, संपर्क सुटायचा, आणि मला वाटायचं खोडरबरनं काम केलं. खुंटी पकडीनं फिरवून काढली. तेव्हापासून कॉम्प्युटर रोज सुरू होतो. मागचे दोन यूएसबी पोर्ट मात्र गेले. शॉर्ट असताना मी बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलो, त्यातच ते गेले असावेत.

विकणाऱ्याला फोन करून माफी मागितली. रॅम आणि स्टॅबिलायझरचे पैसे पुतणीच्या पुस्तकांना आले असते, याची हळहळ अजून आहे.

घरी कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांना एवढीच विनंती: बोर्ड बसवण्याआधी त्याची भोकं आणि कॅबिनेटमधल्या खुंट्या जुळवून पाहा, जास्तीची खुंटी काढून टाका. आणि डिस्प्ले आला नाही, तर दुकान गाठण्याआधी प्लग काढून बोर्ड पुठ्ठ्यावर घ्या.