विहीणबाई धारवाडच्या

आमच्या कोल्हापुरात एखाद्याचे बोलणे डोक्यावरून गेले की पटकन म्हणतात, "काय कानडीत बोलतोस काय रे?" मीही जन्मभर तेच म्हणत आले. आणि २०२१ साली आमच्या चिरंजीवांनी पुण्याच्या ऑफिसातली मैत्रीण सून म्हणून पुढे उभी केली. ती निघाली धारवाडची!

आता माझे माहेर निपाणीचे. तिकडच्या घरात कानडी हा नुसता भाषेचा प्रश्न नसतो. माझे वडील सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. दर १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, आमच्या घरात गोडधोड होत नसे. १९५६ च्या त्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते होत्या, हे आई आम्हा मुलींना मुद्दाम सांगायची. घरासमोरून सगळे कानडी बोलत जायचे, आम्हालाही ते समजायचे, पण उंबऱ्याच्या आत कानडी शब्द काढायचा नाही, असा वडिलांचा दंडक. तेव्हा सुनेचे गाव ऐकल्यावर मला काय वाटले असेल, हे सीमाभागातल्या मैत्रिणींना सांगायला नको.

पण पोरगी गुणाची. मला "अत्ती" म्हणते. मला वाटले, आत्या म्हणते की काय! तर त्यांच्याकडे सासू आणि आत्या दोघींना हाच शब्द. पुढे एकदा नातेवाइकांच्या मुलीचा अभ्यास घेताना व्याकरणाच्या पुस्तकात कानडीतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी सापडली. विळी, खलबत्ता, अडकित्ता, तूप, अण्णा, अक्का! म्हणजे वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेली कानडी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसली होती की!

विहीणबाईंची आणि माझी सुरुवातीला एकमेकींवर करडी नजर. त्यांना वाटे, कोल्हापूरची माणसे फार मोठ्याने बोलतात, भांडताहेत की गप्पा मारताहेत तेच कळत नाही. मला वाटे, या हेल काढून गोड बोलतात, पण मनातले सांगत नाहीत. आमच्या तांबड्या रश्श्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे आणि त्यांच्या आमटीतला गूळ माझ्या घशाखाली उतरत नसे. पण दोघींच्या अंगावर लुगडे मात्र इरकलच! त्यांच्या आईचे इलकलचे, माझ्या आईचेही इलकलचे. दोघींच्या पेटीत गुळेदगुड्डचे खण. हे लक्षात आले तेव्हा दोघीही हसलो.

डिसेंबर २०२२ मध्ये सून पहिल्या बाळंतपणासाठी धारवाडला होती. मुलगी झाली. ११ तारखेच्या रविवारी बारसे ठरले. मी दुपटी शिवली, वाळे घडवून आणले. आणि ६ तारखेला सीमाप्रश्न पेटला. बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले, आपल्या एसटीच्या तिकडच्या फेऱ्या थांबल्या.

त्या रात्री फोनवर विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी आमच्या बसला काळं केलं बघा." झाले! माझ्या अंगात निपाणी संचारली. मी म्हटले, "आणि तुमच्या लोकांनी दगड मारले ते? साठ-सत्तर वर्षं आमची माणसं मारच खाताहेत." त्या म्हणाल्या, "महाजन आयोगाने १९६७ ला निकाल दिला की हो." मी म्हटले, "त्याच महाजनांनी निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणून सांगितलं होतं, ती द्या की मग!" पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. आमचे हे म्हणाले, "अगं, नातीच्या बारशाचं बोलत होतीस ना?"

रात्रभर झोप नाही. त्यात पहाटे आठवले, आमच्या धाकट्या जाऊबाई गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन भाड्याच्या गाडीने सौंदत्तीला गेलेल्या. मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा. कोल्हापूरचे लोक पिढ्यान् पिढ्या यल्लम्माच्या डोंगराला जातात, त्यात यंदा नवीन काही नव्हते. नवीन होती ती भीती. गाडीच्या पाटीवर एमएच-०९. ड्रायव्हर पोरसवदा, तो म्हणाला, गाडी हलवणार नाही. जाऊबाई फोनवर रडायला लागल्या.

सौंदत्तीहून धारवाड तासाभराच्या वाटेवर. पण फोन करायचा कुणाला? रात्री जिला नाही नाही ते बोलले तिलाच? फोन हातात घेऊन मी दहा मिनिटे उभी होते. शेवटी सुनेला कळवले.

दुपारी जाऊबाईंचाच फोन आला. आवाज बदललेला. विहीणबाईंचा धाकटा मुलगा केए पाटीची गाडी घेऊन डोंगरावर आला होता. तो पुढे, आमची गाडी त्याच्या मागे, असे सगळे धारवाडला पोचले होते. आमची गाडी त्यांच्या परसात उभी केली. "ऊटा माडरी, ऊटा माडरी, म्हणून नुसता आग्रह चाललाय," जाऊबाई सांगत होत्या. "ज्वारीच्या पातळ रोट्या, एण्णेगाईची वांगी, शेंगाची चटणी. म्हाताऱ्या तर म्हणतायत, आता बारसं करूनच जाऊ!"

शनिवारी आम्ही दोघे मिरजेला जाऊन रेल्वेत बसलो. गाडीत मला भीती दगडांची नव्हती, विहीणबाईंच्या तोंडाकडे कसे बघायचे याची होती. त्या दारातच उभ्या होत्या. "बर्री, बर्री," म्हणाल्या. मी काही बोलणार तोच मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले, पुढ्यात विळी सरकवली आणि म्हणाल्या, "वांगी चिरा. ही विळी तुमची का आमची, ते मागाहून ठरवू." हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आले. माफीचे शब्द तिथेच वांग्यांबरोबर चिरले गेले. पाळण्याशी दोन्ही भाषांतली गाणी झाली.

परत आल्यावर मी पुष्कळ विचार केला. वाचनालयातून एक प्रवासवर्णन आणले होते, त्यात तुर्क, ग्रीक आणि हंगेरियन लोकांचे वाचले. तुर्कांनी १५४१ ते १६८६ एवढा काळ हंगेरीच्या बुडा शहरावर राज्य केले. तरी आजच्या हंगेरियन माणसाला तुर्काचा राग असा फारसा नाही. ग्रीक आणि तुर्क मात्र एकाच लहानशा भांड्यात उकळलेली कॉफी पितात आणि ती ग्रीक की तुर्की यावर वाद घालतात. मला वाटते, कारण सोपे आहे. हंगेरीची हद्द आता तुर्कस्तानला लागत नाही, ग्रीसची लागते. भाऊबंदकी बांधाला बांध लागतो तिथेच असते. बंगाल्याशी आज आपले भांडण आहे का? पण याच ग्रीक-तुर्कांचे १९९९ साली काय झाले पाहा. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, ग्रीक मदतीला धावले. सप्टेंबरमध्ये अथेन्स हादरले, तुर्क धावले.

आपलेही तसेच नाही का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आम्ही म्हणत होतो, अलमट्टीचे पाणी सोडत नाहीत म्हणून बुडालो. पलीकडचे म्हणत होते, कोयनेचे सोडतात म्हणून बुडालो. कृष्णेने मात्र शिरोळही बुडवले आणि चिकोडीही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीला शेतकरी हमरस्त्यावर बसले, तेव्हा शेजारी बसलेला कोणती भाषा बोलतो हे कुणी विचारले नव्हते. विहीणबाईंच्या धारवाडात द. रा. बेंद्रे कन्नडमधले थोर कवी झाले, घरची भाषा मराठी. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षे राहून मराठी कथा लिहीत होते.

याचा अर्थ मी माहेर विसरले असा नव्हे हं! २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि निपाणीच्या पोरांना मराठीत शिकता यावे, सरकारी कागद मराठीत मिळावा, हे मी आजही म्हणते. वडिलांनी तुरुंगात काढलेले दिवस खोटे नव्हते. विहीणबाईंनाही ते माहीत आहे आणि त्यांचे म्हणणे मला माहीत आहे. आम्ही दोघी भांडतो. पण 'तुमची माणसं' हा शब्द दोघींनीही सोडून दिला आहे. भांडायचे तर सरकारचे नाव घेऊन भांडायचे, असे ठरले आहे. मैत्रिणींनो, एवढे करून पाहा. शेजारणीशी, विहिणीशी, कुणाशीही. वाद तेवढाच राहतो, पण माणूस तुटत नाही.

त्या वेळी निघताना मी सवयीप्रमाणे म्हटले, "येते हं!" आपण कधी 'जाते' म्हणत नाही. विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही पण तसंच म्हणतो. होगि बर्तेनि. जाऊन येते."

मी ते गाडीत बसेपर्यंत घोकत होते. निपाणी स्टँडवर हजार वेळा कानांवर पडलेले शब्द, पण स्वतःच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच काढले. वडील असते तर रागावले असते का? पणतीला मांडीवर घेतल्यावर, मला वाटते, नसते रागावले.