खारघरच्या डोंगराखालीं

हार्बरच्या गाडीनें वाशीची खाडी ओलांडली कीं मुंबईची दाटी मागें पडते, आणि खारघरास उतरतांच डोंगराची रांग समोर उभी राहते. पावसाळ्यांत पांडवकड्याचा धबधबा पाहावयास येणारी मंडळी पुष्कळ. आम्ही मात्र एका स्नेह्यांसमवेत त्याच भागांतील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेकडे वळलों.

परळच्या टाटा रुग्णालयांत १९८३ सालीं अस्थिमज्जेचें रोपण प्रथम झालें. आतां तें काम येथें चालतें. रोपण म्हटलें कीं शस्त्रक्रिया डोळ्यांपुढें येते, पण तसें कांहीं नाहीं. तीव्र औषधांनीं रोग्याची मज्जा आधीं रिकामी करतात. मग मूलपेशी, त्याच्याच जपून ठेवलेल्या किंवा जुळणाऱ्या दात्याच्या, रक्त चढवावें तशा शिरेंतून सोडतात. कठीण काळ पुढचाच. महिनोनमहिने गर्दी वर्ज्य, बाहेरचें अन्न वर्ज्य. बाळपणींच्या लसीदेखील मोठ्या माणसास पुन्हा टोचून घ्याव्या लागतात! दात्याच्या पेशी कधीं कधीं नव्या घराशींच भांडतात. मग तोंड कोरडें पडतें, डोळे चुरचुरतात, त्वचा ताठरते.

रक्ताची तपासणी चांगली आली, तरी मनुष्य सुखानें जगतो काय? हें पाहण्याकरितां १९९७ सालीं प्रसिद्ध झालेली 'फॅक्ट-बीएमटी' नांवाची एक प्रश्नपत्रिका आहे. गेल्या ७ दिवसांविषयीं एकेक विधान वाचावयाचें आणि ० ते ४ पैकीं एक आंकडा निवडावयाचा: झोप नीट लागते, काम करवतें, घरच्यांचा आधार वाटतो, इत्यादि. सुखास आंकडा लावणें आम्हांस थोडें विचित्रच वाटतें. परंतु एकाच माणसाचे निरनिराळ्या महिन्यांतले आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे चढउतार दिसतो, हें खरें.

अडचण आहे ती आमच्या घरांतच. परतीच्या गाडींत एक कुटुंब भेटलें. आजारांतून उठलेल्या सूनबाईंस शेजारणीनें विचारलें, "आतां कसें वाटतें?" सासरे म्हणाले, "उत्तम आहे हो, दोन वेळां जेवते." सासूबाईंनीं मान डोलाविली. सूनबाई पदराचें टोक चाळवीत राहिल्या. त्या वडीलधाऱ्यांची माया खोटी नव्हती; पाणी उकळण्यापासून सारें सासूबाईच पाहत होत्या. पण सगळें घर भोंवतीं उभें असतां 'घरच्यांचा आधार वाटतो' या विधानापुढें १ लिहिण्याचा धीर कोणास होईल?

असा कागद घरीं आला तर तो रोग्याच्याच हातीं द्यावा, आणि इतरांनीं तेवढा वेळ ओसरीवर बसावें. आंकडा खालीं आलेला दिसला, तर झोपेचें, कोरड्या तोंडाचें, मनाच्या उदासीचें डॉक्टरांस वेळींच कांहीं करतां येतें.